झुल्यावरचे हौशी

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन घरी नांदतो. एका घरी तांबडी माती असते, कोपऱ्यात करेलांचा ढीग असतो, भिंतीवर मारुतीची तसबीर असते आणि पहाटे पाचाला जोर काढणाऱ्यांचे हुंकार ऐकू येतात. दुसऱ्या घरी एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात बाके भिंतीला लावलेली असतात आणि नाटकमंडळी एकच वाक्य बाराव्यांदा म्हणत असतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र अगदी साधा आहे : शिक्षण. शरीर घोटणे, प्रयोग घोटणे आणि शिकणे ही तिन्ही कामे एकाच वेळी, एकाच छपराखाली चाललेली मी आजवर एकाच ठिकाणी पाहिली. ते ठिकाण म्हणजे सर्कशीच्या तंबूतला सकाळचा झुला.

असाच दुसरा शब्द ‘हौशी’. नाटकाच्या स्पर्धांमुळे त्याला थोडी प्रतिष्ठा आली आहे खरी. पण कुणाला ‘हौशी’ म्हणताना आपल्या आवाजात किंचित कणव उतरतेच. धंदेवाईक तो खरा, हौशी तो बिचारा. सर्कशीच्या बाबतीत तर हा शब्द कुणी उच्चारीतही नाही. झुल्यावर उडणारा माणूस सर्कशीतच जन्मावा लागतो, त्याच्या आईने त्याला दुधाबरोबर ते धाडस पाजलेले असते, असा आपला सर्वांचा समज. सर्कसवाल्यांनीही तो जपला आहे; कारण तिकीटबारीला तो मानवतो. मी शाळामास्तर आहे, आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. जन्मजात विद्या या वस्तूवर माझा धंदाच मला विश्वास ठेवू देत नाही. म्हणून एका कादंबरीच्या निमित्ताने झुल्याचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा पहिल्याच पानावर जो माणूस भेटला त्याच्यामुळे मला मोठा आनंद झाला. तो सर्कशीतला नव्हताच.

ज्यूल लेओतार हे त्याचे नाव. फ्रान्सच्या दक्षिणेस तुलूझ नावाचे शहर आहे, तिथे १८३८ साली तो जन्मला. बाप व्यायामशाळा चालवी. मुलाने वकील व्हावे असा घरचा बेत होता आणि त्या दिशेने त्याचा अभ्यासही झाला होता. बापाच्या व्यायामशाळेला लागून पोहण्याचा तलाव होता, आणि तलावावरच्या छताला हवा खेळण्यासाठी झरोके होते. त्या झरोक्यांच्या दोऱ्या खाली लोंबत. या पोराने त्या दोऱ्यांना आडवी दांडी बांधली, आणि पाण्यावर झोके घेऊ लागला. मग दुसरी दांडी बांधली. मग एका दांडीवरून सुटून दुसरी पकडण्याचा खेळ सुरू झाला.

दोन दोर आणि एक दांडी ही वस्तू काही त्याने शोधली नाही. पॅरिसमध्ये आमोरोस नावाच्या स्पॅनिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात लष्करी कवायतीची जी व्यायामशाळा काढली होती, तिच्यात अशी दांडी टांगलेली असे. वरचे छत, बाजूचे दोन दोर आणि खालची दांडी मिळून जी चौकोनी आकृती होते, तिच्यावरून भूमितीतले समलंब चौकोनाचे नाव त्या साधनाला पडले : त्रापेझ. म्हणजे ज्या ट्रॅपीझला आपण सर्कशीचा आत्मा समजतो, ती मुळात कवायतीच्या वर्गातली चीज. आपल्या डबलबार-सिंगलबारची सख्खी बहीण. तिच्यावर माणसे लोंबत, वर चढत, हाताचे स्नायू कमावीत. तिच्यावरून सुटायचे, आणि दुसरी हाती येईपर्यंत कशालाही न धरता हवेत राहायचे, ही कल्पना मात्र लेओतारची.

आणि ही कल्पना तलावाशिवाय सुचली असती, असे मला वाटत नाही. पाण्यावर चुकायला परवानगी असते. हात निसटला तर डुबकी. पुन्हा काठावर या, पुन्हा चढा. दिवसातून पन्नास वेळा चुकता आले म्हणून तो एक्कावन्नाव्या वेळी बरोबर आला. पुढे खेळ दाखवताना त्याच्याखाली पाणी नव्हते, आणि जाळे तर त्या काळी वापरातच नव्हते. गाद्या अंथरलेली एक लांब फळी काय ती असे. १२ नोव्हेंबर १८५९ रोजी पॅरिसच्या सर्क नापोलेआँमध्ये त्याने तीन दांड्यांचा खेळ पहिल्यांदा केला, आणि एका रात्रीत तो युरोपभर गाजला. १८६१ साली लंडनच्या अलहाम्ब्रात त्याचे खेळ झाले. अंगासरशी बसणारा जो विणीचा पोशाख तो घालीत असे, त्याला पुढे त्याचेच नाव मिळाले, आणि आज जगभरच्या जिम्नॅस्टिक्सच्या मुली तो ‘लिओटार्ड’ अंगात घालतात. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की हे एका माणसाचे नाव आहे. १८७० साली तो वारला, तेही झुल्यावरून पडून नव्हे, तर रोगाने. वय जेमतेम बत्तीस.

पॅरिसातले ते वर्तुळाकार सभागृह अजून उभे आहे. आता त्याला ‘हिवाळी सर्कस’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव आहे. १९५६ साली बर्ट लँकेस्टरचा ‘ट्रॅपीझ’ हा चित्रपट आला, त्याचे चित्रीकरण याच इमारतीत झाले होते. लँकेस्टरही नट होण्यापूर्वी सर्कशीत कसरती करून पोट भरीत असे. असो.

आपल्याकडे झुला आला तो सर्कशीबरोबर. पण त्याला रुजायला लागणारी माती आधीच तयार होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाची विद्या नव्याने मांडली, आणि पुढे शंभर वर्षे गावोगावच्या तालमींतून पोरे खांबाला आणि वेताला वेटोळी घालीत राहिली. त्यांना त्याबद्दल कुणी पगार देत नव्हते. शरीर उलटे टांगले तरी डोके जागेवर ठेवायचे, एका हाताने, एका पोटरीने, क्वचित पायाच्या अंगठ्याच्या बेचक्याने सारे अंग तोलायचे, ही सवय त्या पोरांना होती. झुल्याची निम्मी विद्या तीच.

१८७९ साली किआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी असलेले विष्णुपंत छत्रे तो खेळ पाहायला गेले होते. विष्णुपंत म्हणजे एक अजब रसायन होते. ग्वाल्हेरीस राहून त्यांनी हद्दूखाँकडे गाणे शिकून घेतले होते आणि घोडा फिरवण्याची विद्याही तिथेच कमावली होती. पुढे हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी आपल्या आश्रयाला ठेवले, आणि सर्कशीच्या बरोबरीने त्यांचे गाणेही गावोगाव ऐकवले. तर त्या मुंबईच्या खेळानंतर, हिंदी माणसाला असली सर्कस काढता येईल की नाही, यावरून शब्दाला शब्द वाढून पैज लागली अशी कथा आहे. पैजेची रक्कम प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडी वाढत जाते, म्हणून ती मी देत नाही. २० मार्च १८८० रोजी छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला, एवढे नक्की.

त्या खेळातली एक गोष्ट मला पैजेपेक्षा फार मोठी वाटते, आणि तिच्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही. घोड्यावरची कामे स्वतः विष्णुपंत करीत. आणि झुल्यावर होत्या त्यांच्या पत्नी, असे सर्कशीच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. साल ध्यानात घ्या. रमाबाई रानडे चोरून धडे गिरवीत होत्या, त्या काळात एका ब्राह्मण घरातली बाई चारचौघांदेखत झुल्याच्या दांडीला लोंबते आहे! ती कुठे शिकली, तिला कुणी शिकवले, पहिल्यांदा दांडी सोडताना तिच्या मनात काय आले असेल? माझ्यातल्या कादंबरीकाराला हे प्रश्न आजही झोपू देत नाहीत. ती कुठल्या सर्कसवाल्याच्या पोटी जन्मलेली नव्हती, कारण या देशात तेव्हा सर्कसवालेच नव्हते. म्हणजे आपल्याकडेही झुल्याचे पहिले पान एका शिकाऊ माणसानेच लिहिले.

दुसरे पान लिहिले एका मास्तराने, आणि इथे मला धंदेबंधू म्हणून जरा छाती फुगवू द्या. १८८७-८८च्या सुमारास छत्र्यांची सर्कस मलबारात तेलिचेरीला गेली. तिथे कीलेरी कुंजिकण्णन नावाचे गृहस्थ होते. कळरिपयट्टूचे जाणकार, आणि बासेल मिशनच्या शाळेत व्यायामाचे शिक्षक. छत्र्यांना उडणारी, उसळणारी माणसे हवी होती. कुंजिकण्णन यांच्यापाशी पोरे होती आणि शिकवण्याची हातोटी होती. दोघांचे जमले. १९०१ साली कुंजिकण्णन यांनी तेलिचेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळाच काढली. आज हिंदुस्थानातल्या कुठल्याही सर्कशीच्या झुल्याखाली उभे राहून जुन्या माणसांना घर विचारा. दहातले निम्मे तरी तेलिचेरी-कण्णूरकडचे निघतील. त्या साऱ्या घराण्याच्या मुळाशी एक ड्रिलमास्तर आहे. आमच्याकडे ड्रिलमास्तरला वार्षिक तपासणीच्या दिवशीच काय तो मान.

अशाच एका तेलिचेरीच्या उस्तादांच्या ओळखीने मी आठ सकाळी एका सर्कशीच्या तंबूत काढल्या. सर्कशीचे नाव सांगत नाही, उस्तादांचेही नाही. पन्नास वर्षे मुक्काम बदलून बदलून त्यांच्या बोलण्यात मलयाळम, हिंदी आणि आमची सांगलीकडची मराठी यांची खिचडी झाली होती. मला झुल्याचा सराव जवळून पाहायचा होता, आणि जमल्यास एकदा दांडीला हात लावायचा होता.

“मास्तर, चढायचं नंतर,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले. “आधी पडायला शिका.”

झुल्याच्या तालमीतला हा पहिला धडा आहे, आणि तो जगभर सारखाच आहे. जाळ्यात पडताना पायांवर पडायचे नाही. घोटा मुरगळतो, गुडघा फिरतो, किंवा जाळे उसळून माणसाला बाहेर फेकते. डोक्यावर पडलात तर संपलेच. अंग सैल न सोडता, हनुवटी छातीशी घेऊन, पाठीवर सपाट पडायचे. आमच्यासारख्या जमिनीवरच्या माणसाला हे अतिशय अस्वाभाविक वाटते. पडताना पाय खाली करावेत, हात पुढे करावेत हे आपल्या हाडात भिनलेले असते. ती सवय मोडेपर्यंत उस्ताद कुणालाही वर पाठवीत नाहीत. लेओतारला जे पाण्याने दिले, ते इथे जाळे देते. १८७० नंतरच्या काळात जाळे वापरात आले, तेव्हा काही जुन्या मंडळींनी नाक मुरडले म्हणे. जाळ्यामुळे धाडसाची किंमत कमी झाली असेल. सरावाची मात्र वाढली. जाळे नसते तर जे आधीच येते तेवढेच माणसे करीत राहिली असती.

दुसरा धडा वेळेचा. आमच्या नववीच्या वर्गात दोलकाचा नियम असतो : आवर्तनाचा काळ दोलकाच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. पोरे तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि विसरतात. सर्कशीतल्या कुणी तो वाचलेला नव्हता. पण त्यावर त्यांची भाकरी होती. चार मीटर लांबीच्या दोलकाला जाऊन-येऊन सुमारे चार सेकंद लागतात. झोका फार मोठा असला तर किंचित अधिक. दांडीला चाळीस किलोची पोरगी लोंबो की ऐंशी किलोचा पैलवान, हिशेब तोच. म्हणूनच समोर दुसऱ्या झुल्यावर गुडघ्यांनी उलटा टांगलेला झेलणारा, आणि इकडून येणारा उडणारा, यांची भेट ठरवता येते.

आणि वजनाचाही एक हिशेब आहे, जो मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिला. दांडी दोन्ही बाजूंना साठ अंशांपर्यंत वर जात असेल, तर झोक्याच्या तळाशी हातांवर आपल्या वजनाच्या दुप्पट ओझे येते, आणि टोकाशी ते निम्मे होते. म्हणून जे काही करायचे, पाय वर घेऊन गुडघे दांडीत अडकवायचे, हात सोडायचे, अंग वळवायचे, ते टोकाशी. तिथे क्षणभर माणूस हलका होतो. तो क्षण गेला की तेच पाय शिशाचे होतात. मचाणावर उभा असलेला माणूस म्हणूनच ओरडून इशारा देतो, आणि नवख्याने आपली अक्कल बाजूला ठेवून त्या इशाऱ्यासरशी हलायचे असते. नवख्याची अक्कल नेहमी अर्धा सेकंद उशिरा येते, कारण तिला वाटेत भीती भेटते.

आठव्या दिवशी उस्तादांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला, त्याचे दोन दोर दोन्हीकडून दोन तगड्या पोरांच्या हाती दिले, आणि मी शिडी चढलो. तळहाताला पांढरी पूड फासली. मचाण खालून दिसते त्याहून वरून फार उंच असते. दांडी अपेक्षेपेक्षा जड होती. ती माणसाला मचाणावरून बाहेर ओढते, आणि मागचा माणूस कमरपट्ट्याला धरून आपल्याला आत ठेवतो. मग तो सोडतो. मी तीन झोके घेतले, एवढेच. चौथ्याला उस्तादांनी खालून हाक दिली, मी हात सोडले आणि पाठीवर पडलो. खाली येताच तळहात पाहिले : दोन फोड आले होते. उस्तादांनी आपला हात माझ्यासमोर धरला. त्याच जागी त्यांना चार पिवळे घट्टे होते, खडीसाखरेच्या खड्यांसारखे टणक.

सरावाचा खरा कंटाळवाणा भाग मात्र प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. रात्री जी उडी सेकंद-दीड सेकंदात होते, तिचे सकाळी तुकडे केलेले असतात. नुसता झोका, मग झोका आणि पाय, मग झोका, पाय आणि सुटणे, पण पकडायचे नाही, जाळ्यात जायचे, मग झेलणारा समोर, पण त्यानेही पकडायचे नाही, फक्त तळहातांना तळहात लागतात का ते पाहायचे. शेवटी पकड, आणि तीही पंजाला पंजा नाही, मनगटाला मनगट. उडणाऱ्याने पकडायला जायचेच नाही, हात लांबवून ठेवायचे. पकडणे हे झेलणाऱ्याचे काम. उडणाऱ्याने घाईने हात आखडला की दोघांची बोटे मोडतात. टाळ्या उडणाऱ्याला मिळतात, आणि तंबूतले लोक मान झेलणाऱ्याला देतात.

या तुकड्यांची बेरीज करीत माणसाने किती मजल मारली ते पाहावे. तिहेरी कोलांटी, म्हणजे दांडी सुटल्यावर झेलणाऱ्याच्या हाती येईपर्यंत हवेत तीन गिरक्या, ही गोष्ट कित्येक वर्षे प्राणघातक समजली जात असे. १८९७ साली सिडनीत ती पहिल्यांदा साधली लीना जॉर्डन नावाच्या मुलीने. पण लौकिक तिच्यापेक्षा तीस वर्षांनंतरच्या आल्फ्रेडो कोडोनाला अधिक मिळाला, कारण तो ती रोज करी, आणि अशा डौलाने करी की पाहणाऱ्याला कष्ट दिसतच नसत. मग चौथी गिरकी. १० जुलै १९८२ रोजी अमेरिकेतल्या टूसॉन इथे मिगेल वास्केस या सतरा वर्षांच्या मुलाने ती खेळात करून दाखवली. झेलणारा त्याचा भाऊ हुआन. तिच्याआधी कित्येक महिने रिकाम्या तंबूत ती घोटली गेली होती.

सराव मात्र शरीराचा होतो, लोखंडाचा होत नाही. कोडोनाची पत्नी लिलियन लाइट्झेल ही दोराच्या कड्यावर एका हाताने फिरण्यात जगात एक होती. १३ फेब्रुवारी १९३१ रोजी कोपनहेगनमध्ये खेळ चालू असताना तिच्या वरची लोखंडी कडी तुटली. खाली जाळे नव्हते. दोन दिवसांनी ती गेली. उस्तादांच्या तंबूत रोज सकाळी पहिले काम कडी, दोर आणि गाठी तपासण्याचे असे. आणि ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

आता पुन्हा हौशींकडे वळतो. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात ब्लूमिंग्टन आणि नॉर्मल अशी दोन जुळी शहरे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या वाय.एम.सी.ए.च्या व्यायामशाळेत शाळकरी पोरे झुल्यावर शिकत, आणि त्यातूनच आर्ट कॉन्सेलोसारखे नामांकित उडणारे निघाले. नॉर्मल या गावाला ते नाव पडले तिथल्या नॉर्मल स्कूलवरून, म्हणजे अध्यापक विद्यालयावरून. १९२९ साली त्या विद्यालयातल्या क्लिफर्ड हॉर्टन या व्यायामशिक्षकाने विद्यार्थ्यांची सर्कस काढली. उद्या वर्गात फळ्यावर बेरजा लिहिणारी ही मुले संध्याकाळी झुल्यावर लोंबत! ती सर्कस अजून चालू आहे. १९४७ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातही अशीच एक निघाली. त्याच वर्षी तिथे मुलामुलींचे शिक्षण एकत्र सुरू झाले होते, आणि दोघांना मिळून करता येईल असा एखादा खेळ हवा होता. या मुलांपैकी बहुतेक जण पुढे कधी तंबूत गेले नाहीत. तरीही ते तिहेरीची नाही, पण एकेरी-दुहेरीची मजा चाखून गेले.

सॅम कीन नावाच्या अमेरिकन तत्त्वचिंतकाने तर कमाल केली. वयाच्या साठीनंतर ते सान फ्रान्सिस्कोतल्या एका सर्कसशाळेत जाऊन झुला शिकू लागले, आपल्या शेतावर झुला उभारला, आणि १९९९ साली त्यावर पुस्तक लिहिले. ज्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन फिरतो, त्या वयात हा गृहस्थ दांडी सोडायला शिकत होता.

हे सारे वाचताना मन हरखते, आणि मग आपल्या तंबूपाशी येऊन अडखळते. कारण आपल्याकडे झुल्यावर चढलेल्यांपैकी पुष्कळांना कुणी विचारलेच नव्हते. पोट भरेना म्हणून आईबापांनी पोर सर्कशीत दिले, दहा-दहा वर्षांचे करार झाले. पुढे पुढे तर नेपाळातून मुली फसवून आणल्याची प्रकरणे उघडकीस आली. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचा आदेश दिला. तेव्हापासून सर्कसवाल्यांची एक तक्रार कानी येते : हाडे कोवळी असतानाच ती वळतात, आता झुल्याला माणसे कुठून आणायची?

ही तक्रार अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. चौथी गिरकी घेणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि तो अर्थातच सोळाव्या वर्षी शिकायला लागलेला नव्हता. पण लेओतार वकिलीच्या पुस्तकांतून उठून तलावावर गेला. छत्र्यांच्या पत्नी लग्न होऊन संसारात पडल्यावर झुल्यावर चढल्या. कुंजिकण्णन यांच्या शाळेत पोरे शिकायला येत, विकत नव्हे. कोवळेपणाचे कारण पुढे करणाऱ्यांना वय नको असते, मुकाटपणा हवा असतो, असा माझा संशय आहे. चौदा वर्षांच्या मुलाला दांडीवरून उतरायचे असेल तर उतरता येते का, एवढेच मी पाहीन. वर्गात मी तेच पाहतो.

त्या आठ सकाळींतली एक माझ्या ध्यानात राहिली आहे. तंबूतली एक मुलगी, चोविशी-पंचविशीची असेल, रात्रीच्या खेळासाठी दुहेरी घोटीत होती. दोनदा ती झेलणाऱ्याच्या हाती आली, तिसऱ्यांदा निसटून जाळ्यात पडली. उठली, जाळ्याच्या काठाशी आली, आणि बसून राहिली. उस्ताद वर पाहत होते, झेलणारा उलटाच टांगलेला वाट पाहत होता.

“आज नको, उस्ताद,” ती म्हणाली.

उस्तादांनी मान हलवली. झेलणाऱ्याला खाली येण्याची खूण केली, आणि शिडी धरून उभ्या असलेल्या पोराला चार चहा सांगायला पाठवले. रात्री तिने एकेरीच केली. प्रेक्षकांना फरक कळला नाही. टाळ्या तेवढ्याच पडल्या.